किल्ली बसली, पण पुढे काय?

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक. विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, लिहिण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे एखाद्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना वाटले तर ते चूक म्हणता येणार नाही. उत्तरादाखल एक जुनी हकीकत सांगतो.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तास संपल्यावर अकरावीचा एक मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, एक विचारू? बायोलॉजीत विकराला कुलूप म्हणतात आणि ज्या रेणूवर ते काम करते त्याला किल्ली. किल्ली कुलपात नेमकी बसते म्हणून विक्रिया होते. पण सर, कुलपात बसली म्हणून किल्ली काही मोडत नाही. मग तो रेणू का मोडतो?" मला पुढच्या वर्गावर जायची घाई होती. "अरे, हे आपल्या विषयातले नाही, जीवशास्त्राला विचार," असे सांगून मी मोकळा झालो. दोन दिवसांनी जिन्यात भेटला तेव्हा मीच विचारले, काय रे, मिळाले का उत्तर? "परीक्षेला एवढे पुरे आहे म्हणाले, सर." एवढे बोलून तो हसला आणि निघून गेला. पुढच्या दोन वर्षांत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. त्याच्यामागे लागून वाचू लागलो तेव्हा कळले की, त्या मुलाने सहज विचारलेला प्रश्न हाच विकरांच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी जीवशास्त्राइतकेच भौतिकशास्त्रही लागते. म्हणून माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. कुलूप-किल्लीचे चित्र शिकवावे, पण ते शिकवून थांबू नये. तेथे थांबलो तर विकर कोणाला ओळखते एवढेच मुलांना कळते. ते काम कसे करते हे कळतच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढे जाण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करा. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य द्रावण मिळते. एका बशीत कच्च्या बटाट्याची चकती ठेवा, दुसरीत चांगल्या उकडलेल्या बटाट्याची. दोन्हींवर चार-चार थेंब टाका. (काम मोठ्यांच्या देखत करा, द्रावण डोळ्यांत जाऊ देऊ नका.) कच्च्या चकतीवर लगेच पांढरा फेस येतो. हा फेस ऑक्सिजनचा. बटाट्यातील कॅटालेज नावाचे विकर पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन असे विघटन करते. उकडलेली चकती मात्र थंडच!

उकडल्याने त्या विकराचे काय झाले? विकरे बहुतेक प्रथिनेच असतात, आणि प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची लांबलचक साखळी. उकळत्या पाण्याने ही साखळी तुटत नाही. मण्यांचा क्रम तोच राहतो, बदलते ती साखळीची घडी. विणलेला स्वेटर उसवला तर लोकर तेवढीच भरते, पण स्वेटर राहत नाही, तसे हे आहे. तेव्हा विकराची करामत त्याच्या घडीत आहे, आकारात आहे. येथपर्यंत कुलूप-किल्लीवाल्यांचे म्हणणे बरोबरच आहे.

ही उपमा एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञाने १८९४ साली वापरली. यीस्टमधून मिळणारे एक विकर ग्लुकोजच्या एका संयुगाचे विघटन करी. पण त्याच संयुगाचे, एकाच ठिकाणची मांडणी उलटी असलेले भावंड पुढे ठेवले की ते स्वस्थ बसे. कडू बदामातील विकराचे नेमके उलटे. एवढा बारीक भेद विकर ओळखते, याचा अर्थ त्यात त्या रेणूच्या आकाराचा साचा असला पाहिजे, असे फिशरने मांडले. त्या वेळी विकर म्हणजे प्रथिन असते हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते. आपल्याकडील अबईच्या जवळच्या नात्यातल्या जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांपासून जेम्स सम्नर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले ते १९२६ साली. फिशरने केवळ तर्काने एवढी मजल मारली, याला तोड नाही. पण त्याची उपमा 'ओळख' समजावण्यासाठी होती. आपण तिच्यावर 'कामा'चाही भार टाकला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. विकर ज्या रेणूवर काम करते त्याला पुस्तकात सबस्ट्रेट म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला 'गिऱ्हाईक' म्हणू या. विकराच्या दुकानात ते येते, काम करून घेते आणि निघून जाते.

कोणतीही रासायनिक विक्रिया होताना रेणूला एक ऊर्जेचा घाट चढावा लागतो. जुने बंध ताणले गेलेले, नवे अजून पुरते जुळलेले नाहीत, अशी एक अवघडलेली अवस्था मध्ये येते. ती घाटमाथ्यावरची अवस्था. तिला संक्रमण अवस्था म्हणतात. तेथे रेणू एका सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतकाही टिकत नाही. पण तेथून गेल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. उष्णतेमुळे रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात, आणि त्यांतल्या एखाद्यालाच माथा गाठण्याइतकी ऊर्जा मिळते. माथा जितका उंच, तितके पोचणारे थोडे. विकर कोणाला मागून ढकलत नाही. ते माथा खाली आणते.

समजा, पायथ्याचे गाव १०० मीटर उंचीवर आहे आणि घाटमाथा ६०० मीटरवर. चढ ५०० मीटरचा. आता विकराने गिऱ्हाइकाला अगदी नेमका बसेल असा साचा तयार केला. रेणू त्यात घट्ट बसला, म्हणजे त्याची ऊर्जा कमी झाली. आपल्या चित्रात गावच २०० मीटर खाली खचले! माथा जागच्या जागी राहिला तर चढ आता ७०० मीटरचा होईल. माथाही तेवढाच खाली आला असे धरले, तरी चढ पुन्हा ५०० मीटरच. म्हणजे किल्लीला इतके नेमके बसणारे कुलूप आत बसलेल्या रेणूचे काम सोपे करणार नाही, उलट त्याला अडकवून ठेवील. अशा वस्तूला उत्प्रेरक म्हणता येत नाही, तो सापळा झाला.

मग मार्ग एकच. विकराचा साचा गिऱ्हाइकाच्या मूळ आकाराचा नसून घाटमाथ्यावरच्या त्या अवघडलेल्या आकाराचा हवा. मूळ रेणू त्यात बसेल, पण जरासा खुपेल. आणि मोडण्याच्या बेतात आला की मगच नेमका जुळेल. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३० साली विकरांवरच्या आपल्या पुस्तकात किल्ली कुलपात पूर्णपणे नेमकी बसत नसावी, अशी शंका मांडली होती. (हे तेच हॉल्डेन, जे पुढे १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) लायनस पाउलिंग यांनी १९४६ साली आणि पुन्हा १९४८ साली हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली की, विकराची रचना संक्रमण अवस्थेला पूरक असते.

माथा किती खाली आणावा लागतो याचा हिशेब आमच्या विषयातला, म्हणून सांगण्याचा मोह आवरत नाही. २५ अंश सेल्सिअसला घाट मोलमागे सुमारे ५.७ किलोज्यूलने उतरला की वेग दसपट होतो. दसपटीमागे ५.७, शंभरपटीमागे ११.४, या हिशेबाने दहा लक्षपट वेगासाठी सुमारे ३४ किलोज्यूल पुरतात. एका हायड्रोजन बंधाची ताकद परिस्थितीप्रमाणे साधारण १० ते ३० किलोज्यूल असते. पाण्याशी असलेले बंध सोडून हे नवे बंध जुळवायचे असल्याने निव्वळ फायदा त्याहून कमीच, हे खरे. तरीही घाटमाथ्यावर चार-सहा बंध जास्तीचे मिळाले तर काय होईल याचा अंदाज करा. आपल्या पेशींत आरएनएचे घटक तयार करताना लागणारे एक विकर आहे. त्याच्याशिवाय ती विक्रिया अर्धी व्हायला ७ कोटी ८० लाख वर्षे लागतील, असे रॅड्झिका व वुल्फेंडेन यांनी १९९५ साली प्रयोगांवरून काढले. विकर असले की एका सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. वेग एकावर १७ शून्ये इतक्या पटीने वाढला. १७ गुणिले ५.७ करून पाहा. ९७ किलोज्यूल भरतात. आकडा अचाट वाटतो, पण त्यात जादू काही नाही.

हे सगळे कागदावरचे झाले. प्रत्यक्षात कोणी पाहिले का? पाहिले, आणि तेही अंड्याच्या पांढऱ्या बलकात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली असताना त्यांनी आपल्याच नाकातील स्राव जंतूंच्या बशीत टाकला आणि जंतू विरघळताना पाहिले. १९२२ साली त्यांनी या द्रव्याला लायसोझाइम असे नाव दिले. ते आपल्या अश्रूंतही असते आणि कोंबडीच्या अंड्यात तर भरपूर. जंतूंच्या भिंतीत शर्करांच्या लांब माळा असतात, त्या हे विकर कापते.

लायसोझाइममध्ये १२९ अमायनो आम्ले आहेत. घडी घातलेला रेणू लांबीला मिलिमीटरचा सुमारे दोन लाखावा भाग भरतो. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. एखाद्या विकराची संपूर्ण रचना दिसण्याची ही पहिलीच वेळ. फिलिप्स मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, हे मी मुद्दाम नमूद करतो. रेणूच्या अंगावर एक खोल घळ होती आणि तिच्यात शर्करेची सहा कडी ओळीने बसतील एवढी जागा होती. या जागांना ए ते एफ अशी नावे दिली गेली.

आता खरी मेख पाहा. लुईस जॉन्सन ही तरुण संशोधिका या घळीत छोटे रेणू कसे बसतात ते तपासत होती. तीन कड्यांची एक माळ ए, बी, सी या तीन जागांत अगदी चपखल बसली. किल्ली कुलपात बसली! पण विक्रिया जवळजवळ होतच नव्हती. माळ न तुटता तेथेच बसून राही आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांची वाट अडवी. चपखल बसली म्हणूनच तर ती स्फटिकात निवांत 'पाहता' आली. मग फिलिप्स यांनी प्रतिकृतीत पुढची कडी जोडून पाहिली. चौथी जागा, म्हणजे डी, अडचणीची निघाली. शर्करेच्या कड्याचा नेहमीचा आकार आरामखुर्चीसारखा वाकडा असतो. तशा आकारात ते डीमध्ये मावेना. मावायचे तर त्याला चपटे व्हावे लागे. माळ तुटते ती नेमकी डी आणि ई या जागांच्या मध्ये. बंध तुटताना हे कडे तसेच चपटे होते आणि त्यावर धन विद्युत्भार येतो.

तेव्हा जेथे किल्ली छान बसते तेथे काही घडत नाही, आणि जेथे ती खुपते तेथे काम होते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर जिन्यात उभ्या उभ्याही देता आले असते, इतके ते सोपे आहे. मला ते ठाऊक नव्हते एवढेच.

कातर चालवणारी पाती दोन. साखळीतले ३५ क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल आणि ५२ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल. उलगडलेल्या साखळीत ती सतरा घरे दूर. घडी पडल्यावर घळीच्या दोन काठांवर समोरासमोर येतात. दोन्ही एकाच जातीची आम्ले, पण ३५ च्या आसपास तेलकट स्वभावाची अमायनो आम्ले असल्याने ते आपला प्रोटॉन धरून ठेवते व योग्य क्षणी माळेला देते. ५२ च्या आसपासची वस्ती वेगळी. ते आधीच प्रोटॉन सोडून ऋणभारित झालेले असते आणि तुटणाऱ्या कड्याच्या धनभाराला आधार देते. उकडताना घडी सुटली की हे शेजार मोडतात, दोन पाती दूर जातात आणि कातर संपते.

पुढे या चित्रातही दुरुस्त्या झाल्या. डीमधील कडे खरोखर वाकलेले १९९१ साली स्फटिकात दिसले. पण त्याआधीच, १९७६ साली, वॉर्शेल व लेव्हिट यांनी संगणकावर हिशेब करून दाखवले होते की नुसत्या पिळण्याचा वाटा थोडा; मोठा वाटा विद्युत्भारांच्या नेमक्या मांडणीचा. (या संगणकीय पद्धतीसाठी दोघांना कार्प्लस यांच्यासह २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) २००१ साली आणखी एक गोष्ट कळली की ५२ क्रमांकाचे आम्ल दुरून आधार देऊन थांबत नाही, ते काही क्षण शर्करेशी चक्क बंध जोडते. फिलिप्स यांचे अनुमान या बाबतीत चुकले. कोणत्या विकरात कशाचा वाटा किती, यावर अजूनही वाद झडतात. मुलांना हेही सांगायला हवे, असे मला वाटते.

काही पुस्तकांत कुलूप-किल्लीच्या शेजारी हात आणि हातमोज्याचे चित्र असते. डॅनियल कॉशलँड यांनी १९५८ साली मांडले की, गिऱ्हाईक आले की विकर स्वतःही आकार बदलते. त्यामागचे कारण मात्र पुस्तकात सहसा येत नाही, आणि गंमत तर कारणातच आहे. हेक्झोकायनेज हे विकर एटीपीतील फॉस्फेट काढून ग्लुकोजला देते, म्हणजे ग्लुकोजच्या ओएच गटाला. पण ओएच गट पाण्यालाही असतो आणि पेशीत पाणी उदंड! ताठ कुलपात पाणी सहज शिरले असते आणि एटीपी फुकट गेला असता. म्हणून विकराचे दोन अर्धे भाग ग्लुकोज आल्यावरच मिटतात व कातर तयार होते. पाण्याचा रेणू इतका चिमुकला की त्याला ती मिटवता येत नाहीत.

पाउलिंग यांचे म्हणणे खरे असेल तर त्याचा एक व्यावहारिक परिणाम निघतो. घाटमाथ्यावरच्या आकाराची, पण न मोडणारी वस्तू आपण बनवली तर ती विकराला गिऱ्हाइकापेक्षाही घट्ट चिकटली पाहिजे. तशी ती चिकटते. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा 'टॅमीफ्लू' हे नाव घरोघरी पोचले होते. फ्लूच्या विषाणूवर न्यूरॅमिनिडेज नावाचे विकर असते. ते पेशीवरची एक शर्करा तोडते म्हणून नवे विषाणू तेथून सुटून पुढे जातात. या विकराची रचना १९८३ साली कळली. तोडताना ती शर्कराही लायसोझाइममधल्यासारखीच चपटी होते, आणि टॅमीफ्लूच्या रेणूतले कडे चपटे राहील असेच घडवलेले आहे. पोटात घेतलेली गोळी आधी आपल्याच यकृतातील एका विकराने कापली जाते, तेव्हा कुठे ते औषध कामाचे होते. म्हणजे एकाच गोळीत आधी गिऱ्हाईक, मग सापळा!

यावर शिक्षक मित्र म्हणतील, अभ्यासक्रम आधीच भरलेला आहे, आणि लहान मुलांना सोपे चित्रच द्यावे लागते. दुसऱ्या मुद्द्यावर मी काय बोलणार? आम्ही तरी सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन फिरवतोच. पण ते शिकवताना, हे चित्र अमुक ठिकाणी फसते, असे निदान एक वाक्य तरी सांगतो. निदान सांगायला हवे. पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ऊर्जेच्या घाटाचा आलेख रसायनशास्त्राच्या तासाला शिकवला जातो. कुलूप-किल्ली जीवशास्त्राच्या तासाला. रेणूंच्या उष्णतागतीचे गणित माझ्या तासाला. तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या दप्तरात असतात, फक्त वेगवेगळ्या वह्यांत. त्या एकत्र आणायला नवा धडा नको, दहा मिनिटे पुरतील. गिऱ्हाइकाचा आकार, घाटमाथ्यावरचा आकार आणि विकराची घळ अशी तीन चित्रे फळ्यावर शेजारी शेजारी काढावीत आणि घळ कोणाशी जुळते ते मुलांनाच ओळखू द्यावे.

आता तर याची निकड वाढली आहे. प्रथिनाचा क्रम दिला की घडी कशी पडेल याचा अंदाज संगणक बऱ्याच अचूकपणे सांगतो. त्या कामाला २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. घडीत कोणते वाक शक्य व कोणते अशक्य, याचा पाया मात्र १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन या भौतिकशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला होता. कुलपांची सुबक चित्रे यापुढे पडद्यावर हवी तेवढी मिळतील. त्यांतले कोणते कुलूप किल्ली मोडते आणि कोणते नुसतीच धरून ठेवते, हे चित्राकडे बघून कळत नाही.

यंदा अकरावीला उष्णतेचे प्रकरण शिकवताना मी वर्गात दोन बटाटे नेणार आहे, एक कच्चा आणि एक उकडलेला. जीवशास्त्राच्या बाईंना त्या तासाला येण्याची विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. लायसोझाइमची प्रतिकृती त्या मुलांकडून मण्यांची करवून घेणार आहेत. टेबलावरचा फेस पुसण्याचे काम मात्र माझे, असे त्यांनी आधीच बजावले आहे.